आईची ट्रेकची पँट

"संजू, आत ये जरा," पडद्यामागून आईचा आवाज आला. "हसणार नसशील तरच ये."

मी पडदा सरकवला. आई बाबांचा जुना पांढरा सदरा घालून उभी होती. खाली करड्या रंगाची पँट. कमरेशी ती तिनं मुठीत धरून ठेवली होती, नाहीतर घसरली असती. आणि खाली ती नडगीच्या मध्यावरच संपली होती.

"मासे धरायला निघाल्यासारखी दिसतेय मी," आई म्हणाली.

बाहेरून विक्रेत्या मुलीनं विचारलं, "झालं का काकू? याच्या वरची साइझ देऊ?"

"वरची दिली की कंबर वाढते, बाळ. मला कंबर नकोय, पाय हवेत."

"मग जेन्ट्समध्ये बघा ना. जेन्ट्समध्ये लांबी येते."

जेन्ट्समधली आली. लांबी बरी होती, पण कमरेत आईच्या दोन्ही बाजूंनी हात आत जात होता. "यात मी आणि तुझे बाबा दोघं मावू," आई म्हणाली आणि ती उतरवायला लागली. मी पडदा लावला आणि बाहेरच्या बाकावर बसले. आता ती पुन्हा साडी नेसणार, निऱ्या काढणार, पदर लावणार, मग आम्ही पुढच्या दुकानात जाणार, आणि तिथं पुन्हा साडी सोडणार. सकाळपासून हेच चाललं होतं. सदरा कापडी पिशवीत घालून आणलेला होता, कारण ब्लाउजवर पँट घालून बघायची कशी, हा प्रश्न घरून निघतानाच तिनं सोडवला होता.

ही गोष्ट बरीच जुनी आहे. मी तेव्हा नाशिकच्या एका दैनिकात रात्रपाळीला उपसंपादक होते. गुरुवार ही माझी एकुलती सुट्टी, आणि त्या दिवशी दुपारपर्यंत झोपणं एवढा एकच छंद मला होता. घरबसल्या कपडे मागवायची सोय तेव्हा आमच्यापर्यंत पोचलेली नव्हती. आई नुकतीच शाळेतून निवृत्त झाली होती. तिनं आयुष्यभर मुलींना भूगोल शिकवला. भिंतीवरच्या नकाशात काश्मीरपर्यंत हात पोचणारी शाळेतली ती एकटी बाई. बाकीच्यांना छडी लागायची. मुली तिला पाठीमागे जिराफ म्हणत, हे तिला माहीत होतं आणि त्याचं तिला काही वाटत नसे. उंच आणि सडपातळ. साठी आली तरी अंगावर कुठे मांस म्हणून चढलं नव्हतं. मी मात्र बाबांवर गेले, म्हणजे बुटकी.

निवृत्तीनंतर महिन्याभरात तिनं ज्येष्ठांच्या एका ट्रेकमध्ये नाव दिलं. हिमाचलमधली कुठलीशी खिंड. बाबांना वाटलं होतं, ती काशीला जायचं म्हणेल.

"हिमालयाला साडी चालत नाही का?" बाबांनी विचारलं होतं. "पार्वती कशात गेली होती?"

"पार्वतीच्या वेळी प्रभुणे सर नव्हते," आई म्हणाली.

प्रभुणे सर म्हणजे ट्रेक नेणारे. त्यांचा नियम पक्का होता. आदल्या वर्षी एका बाईंचा सलवारीत पाय अडकला आणि त्यांचं मनगट मोडलं. तेव्हापासून साडी नाही, सलवार नाही, जीन्स नाही. पँट हवी, कमरेला नीट बसणारी, घोटा झाकणारी. रविवारी सगळ्यांनी पूर्ण तयारीनिशी रामशेज किल्ला चढून दाखवायचा. "पँट बरोबर नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, बाई," ते आईला फोनवर म्हणाले होते, "पण मी तुम्हाला खाली गाडीतच बसवीन. मागे दोघं थांबलेत जागेसाठी."

त्या गुरुवारी सकाळी निघताना आईनं हॉलमधल्या आरशासमोर वाकून टिकली लावली. घर घेतलं तेव्हा बाबांनी स्वतः खिळा ठोकून तो आरसा लावला होता. त्याच्या शेजारी त्यांचा लग्नाचा फोटो. फोटोत दोघांचे खांदे एका रेषेत. आई बाबांपेक्षा जरा उंच आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. किती, ते कुणी मोजायला गेलं नव्हतं.

"ऊन व्हायच्या आत या," बाबा म्हणाले होते.

ऊन कधीच झालं होतं. कॉलेज रोड संपला, मेन रोड संपला, शालिमारजवळ खेळाच्या सामानाची दोन दुकानं झाली. एका दुकानदारानं आईला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "ताई, अशी बॉडी कंपनी बनवतच नाही." दुसऱ्यानं मुलांची पँट काढून दाखवली, शाळेच्या स्काउटची. तिसऱ्या दुकानापासून आईनं निऱ्या नीट घालणं सोडून दिलं आणि सगळा गुंडाळा कमरेत खोचून पिनेनं अडकवला. माझ्या स्कूटीवर मागे एका अंगानं बसली की तिचे गुडघे पार रस्त्यात यायचे आणि रिक्षावाले तिच्या गुडघ्यांना हॉर्न द्यायचे.

शेवटी आम्ही उसाच्या रसाच्या दुकानात बसलो. माझे डोळे मिटत होते.

"राहू दे," आई म्हणाली. "साडीच बरी बाई. साडीला माप नसतं."

"साडीसुद्धा तुला आखूडच होते."

"होते. पण त्यात कुणाला कळत नाही."

मी ग्लास संपवला. "मग सांगून टाक प्रभुण्यांना. आग्रह कुणाचा आहे? नाहीतरी तुझे गुडघे दुखतात."

तिनं आपला ग्लास खाली ठेवला. चरकाच्या घुंगरांचा आवाज चालू होता.

"दर वर्षी सहावीच्या मुलींना सांगायचे," ती म्हणाली, "हिमरेषेच्या वर बर्फ वर्षभर वितळत नाही. दर वर्षी एखादी तरी पोरगी विचारायची, बाई, तुम्ही बघितलंय? मी म्हणायचे, पुस्तकात आहे. पुस्तकात आहे, संजू. एवढंच म्हणत आले."

मी स्कूटीची किल्ली उचलली. "चल. कॅम्पात जाऊ. मिलिटरीवाले उंच असतात, त्यांच्या पँटी कुणीतरी शिवतच असेल."

देवळाली कॅम्पात शफी मास्टरांचं दुकान सापडलं. दुकान म्हणजे एक लांबट खोली, दोन मशिनं आणि छताशी आडव्या लावलेल्या दांडीवर रांगेनं टांगलेले गणवेशाचे शर्ट. मास्टरांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं.

"लेडीज नाही शिवत मी. फक्त जवानांचे."

"मग मला जवान समजा," आई म्हणाली.

मास्टरांना हसू आलं, पण त्यांनी ते मिशीत ठेवलं. "कशाला पाहिजे?"

"डोंगर चढायला."

"शनिवारपर्यंत पाहिजे," मी म्हणाले. "संध्याकाळी नाही, दुपारी."

"मॅडम, जवानसुद्धा इतकी घाई करत नाहीत."

तरी त्यांनी कापड काढून दाखवलं. शेवाळी रंगाचं, दणकट पण हलकं, भिजलं तर लवकर सुकणारं. आईनं ते दोन बोटांत चोळून बघितलं आणि मान हलवली. मास्टरांनी गळ्यातली टेप काढली. बाईमाणसाचं माप घ्यायचं म्हणून ते अंग चोरून, हात लांब ठेवून घेत होते. कमरेचं आणि नितंबाचं माप त्यांनी मला टेप धरायला लावून घेतलं. मग खाली उकिडवे बसले, आईच्या साडीवरून कमरेपासून घोट्यापर्यंत बाजूनं टेप सोडली.

"सरळ उभ्या राहा."

"उभीच आहे."

"हां." त्यांनी आकडा पाहिला आणि खडूनं कापडाच्या कोपऱ्यावर लिहिला. "झालं. शनिवारी या."

शुक्रवारी रात्रपाळी करून मी शनिवारी दुपारी पँट घेऊन आले. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं. आई वाटच बघत होती. पिशवी घेऊन ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावलं. बाबा हॉलमध्ये पेपर वाचत होते. माझाच पेपर, आणि त्यातल्या माझ्या चुका ते पेनानं गोल करून ठेवत. एसटीच्या डेपोत आयुष्य वेळापत्रकं तपासण्यात गेलं, ती सवय सुटली नव्हती.

दार उघडलं.

कंबर सुरेख बसली होती. मुठीत धरावी लागत नव्हती, पट्टासुद्धा लागला नसता. मांडीला ना घट्ट ना ढगळ. आईला पँटमध्ये मी दुकानांत पाहिलं होतं, पण ती उसनी घेतल्यासारखी. ही तिची होती. फक्त खाली घोटा उघडा होता, आणि घोट्याच्या वर चार बोटं नडगी.

बाबा म्हणाले, "चांगली आहे की. चिखल लागणार नाही."

एरवी या वाक्यावर आईनं त्यांना परतफेड केली असती. आज नाही. तिनं खाली पाहिलं, पँट हातांनी थोडी खाली ओढून बघितली, सोडली. पँट परत वर गेली. मग ती फोनकडे गेली.

"कुणाला करतेस?"

"प्रभुणे सरांना. मागे दोघं थांबलेत म्हणाले होते. त्यांना तरी आज कळलेलं बरं."

"थांब," मी म्हणाले. "माप त्यानं घेतलंय, चूक त्याची आहे. तो दुरुस्त करेल."

"संजू, तू झोपली नाहीस रात्रभर."

"साडी नेस. निघू."

बाबांनी पेपर खाली केला. "अगं, ती म्हणतेय राहू दे, तर राहू दे ना. इतकं काय अडलंय?"

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नव्हे, दमून. मग ती साडी नेसायला आत गेली.

शफी मास्टरांनी पँट टेबलावर पसरली, टेप लावली आणि दोन्ही हात वर केले. "बघा. जे माप लिहिलं, तेच शिवलं. सुताचा फरक नाही."

"मग माप चुकीचं लिहिलं."

"माप चुकत नाही माझं. या मॅडम, उभ्या राहा." त्यांनी पुन्हा साडीवरून टेप सोडली, पुन्हा आकडा वाचला. तोच आकडा. "घ्या! पँट बरोबर, माप बरोबर."

"म्हणजे माझे पायच चुकलेत का, मास्टर?" आई म्हणाली.

"मी कशाला पायांना बोलू? पण मी पण नाही चुकलो."

मला डेस्कवरचे वाद आठवले. बातमीदार म्हणतो आकडा बरोबर, अधिकारी म्हणतो आकडा बरोबर, आणि बेरीज जमत नाही. "दोन्ही बरोबर असेल तर ती घातल्यावर आखूड कशी होते?" मी म्हणाले. "आई, घालून ये."

कोपऱ्यात पडदा होता. आई गेली. माझे पाय आता उभं राहायला तयार नव्हते. मशिनजवळचं बुटकं स्टूल ओढून मी त्यावर बसले आणि भिंतीला डोकं टेकलं. एक क्षण डोळा लागला असावा. डोळे उघडले तेव्हा आई समोर उभी होती, सदरा आणि पँट घालून, हात बाजूला सोडून. मास्टर तिच्यासमोर टेप घेऊन, कपाळाला आठ्या घालून बघत होते. मी इतकी खाली बसले होते की माझ्या डोळ्यांसमोर तिचा चेहरा नव्हता, गुडघे होते.

गुडघ्यांवर कापड ताणलेलं होतं. मागच्या बाजूला, गुडघ्यांच्या खळगीत, त्याला सुरकुत्या पडल्या होत्या.

"आई, गुडघे का वाकवलेस?"

"कुठे वाकवलेत?"

"सरळ कर."

"सरळच आहेत गं."

मी स्टुलावरूनच पुढे वाकले आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवून मागे दाबला. तो सहज मागे गेला. आईनं खाली पाहिलं. दुसऱ्या कुणाचा तरी पाय बघावा तशी ती आपल्या पायाकडे बघत राहिली. मग तिनं दुसरा गुडघा स्वतःच सरळ केला.

मी मान वर केली. आईचं डोकं वर गेलं आणि दांडीवरच्या शर्टाच्या बाहीला टेकलं. तिनं ती बाही हातानं बाजूला सारली.

"अरे बाप रे," शफी मास्टर एक पाऊल मागे सरले. "मॅडम, ही उंची कुठे होती इतका वेळ?"

आईला हसू आलं, पण ते पूर्ण झालं नाही. ती पुन्हा खाली, स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होती.

"कधीपासून असं उभी राहतेस?" मी विचारलं.

"मला काय माहीत मी अशी उभी राहते ते." मग म्हणाली, "लग्नातला फोटो. तुझी मोठी आत्या आली आणि कानात म्हणाली, वहिनी, जरा गुडघ्यात वाका. साडीत कुणाला दिसतंय? फोटोपुरतं."

"आणि मग?"

"फोटोपुरतंच म्हणाल्या होत्या. मग लोक आहेर द्यायला यायला लागले, ते समोर उभं राहून बघायचे. मग पूजा झाली. मग हळदीकुंकू. मग यांच्या डेपोतली माणसं यायची घरी." तिनं पँटवरून हात फिरवला. "कुणी समोरून बघायला लागलं की होत असेल. वर्गात नाही हं. वर्गात मी सरळच असायचे. तिथं पोरीच होत्या."

"बाबांना माहितीये?"

"वेडी आहेस का? साडीत कसं कळणार त्यांना?"

शफी मास्टर हे सगळं ऐकू आलं नाही असं दाखवत सुईत दोरा ओवत होते. मग खाकरले. "मॅडम, असंच उभं राहा आता. हलू नका." ते उकिडवे बसले, पँटवरून टेप लावली, आणि आकडा बघून जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं. पँटच्या पायाचा खालचा घेर, मोहरी म्हणतात ती, तिची टाचण त्यांनी तिथल्या तिथं उसवली. आत बरंच कापड दुमडलेलं होतं. "आमच्याकडे भरतीची पोरं येतात, अठरा-एकोणीसची. वर्षात वाढतात. म्हणून खाली कापड जास्त ठेवायची सवय. तुमचंही नशीब चांगलं."

"या वयात वाढले म्हणायची मी," आई म्हणाली.

त्यांनी खडूनं नवी खूण केली. ती घोट्याच्याही खाली होती. शिवून होईपर्यंत आई पडद्यामागे थांबली नाही. साडी नेसून बाहेर आली आणि दुकानाच्या पायरीवर उभी राहिली. मी आतून बघत होते. रस्त्यानं कुणी जवानांचा घोळका आला, त्यांनी तिच्याकडे पाहिलं. साडीच्या निऱ्या किंचित ढिल्या झाल्या आणि पुढच्याच क्षणी पुन्हा ताणल्या गेल्या. ती स्वतःवर लक्ष ठेवून होती. घरी येईस्तोवर ती स्कूटीवर पँटची पिशवी दोन्ही हातांनी धरून बसली होती. मला झोपायचं होतं.

रविवारी उजाडायच्या आधी मी उठले तेव्हा आई तयार होती. शेवाळी पँट, वर नवा लांब कुडता, पायात बूट. आरशासमोर वाकून तिनं टिकली लावली आणि सरळ झाली. पूर्ण सरळ. बाबा स्वयंपाकघरातून थर्मास घेऊन येत होते, ते दारातच थांबले. तिच्या आणि त्यांच्या मध्ये साडी नव्हती. बाबांनी थर्मास पुढे केला, ती घ्यायला पुढे आली आणि त्यांच्या अगदी समोर उभी राहिली. बाबांना मान वर करावी लागली. नेहमीपेक्षा बरीच वर. ते तसेच बघत राहिले. आई खालचा ओठ दातात धरून होती, पण गुडघे वाकले नाहीत. मी बघितलं.

"चहा गरम आहे," बाबा म्हणाले. "झाकण घट्ट लाव."

रामशेजच्या पायथ्याला प्रभुणे सर एकेकाला थांबवून बघत होते. आईपाशी आले, बूट बघितले, कंबर बघितली, मग खाली बघितलं.

"बसा. उठा. पाय वर घ्या. अजून." पँट कुठे ओढली नाही, घोटा दिसला नाही. "कुठून आणलीत? मला बायकांसाठी अशी मिळतच नाही."

"शिवून घेतली. जवानांच्या मास्टरांकडून."

"पत्ता द्या मला. चला, पुढे व्हा."

ती पुढे गेली. मी निम्म्या पायऱ्यांवर बसून घेतलं. वर पाहिलं तर सगळ्यांच्या डोक्यांवर एक डोकं दिसत होतं, आणि ते मागे वळून मला हातानं 'बस तिथंच' म्हणून खुणावत होतं.

दुपारी घरी आलो तेव्हा दार उघडंच होतं. हॉलच्या भिंतीवरचा आरसा काढून पलंगावर ठेवलेला होता. भिंतीवर त्याच्या जागी फिकट चौकोन. बाबा स्टुलावर चढले होते, एका हातात हातोडी, ओठांत खिळा. फरशीवर सिमेंटचा चुरा सांडला होता.

"हे काय चाललंय?" आई म्हणाली. "पडाल. उतरा आधी."

बाबांनी ओठांतला खिळा हातात घेतला. "झालं का पक्कं नाव?"

"झालं. आरसा का काढलात?"

"कुठे लावू, सांग."

"होता तिथंच बरा होता की. तुम्हाला दाढी करायला..."

बाबांनी खिळा भिंतीला टेकवला. आईकडे न बघता म्हणाले, "सरळ उभी राहून सांग."

आई भिंतीपाशी गेली. पाठ टेकवून उभी राहिली, टाचा, मग गुडघे, मग खांदे. बाबांनी तिच्या डोळ्यांच्या रेषेत पेन्सिलनं खूण केली, तिला बाजूला केलं आणि खुणेच्या वर खिळा ठोकला. एकदाही चुकले नाहीत.

त्यानंतर ते मोरीतल्या छोट्या आरशात दाढी करू लागले. हॉलमधला आरसा अजून तिथंच आहे. मला त्यात फक्त माझं कपाळ दिसतं.